तराजू धरणाऱ्याची मजुरी

दोन मांजरे, लोण्याचा गोळा आणि माकड ही गोष्ट ज्याने लहानपणी आपल्या ग्रंथालयाच्या बालविभागात वाचली नाही, असा सभासद विरळाच. वाटणीसाठी माकडाने तराजू हाती घेतला. जड पारड्यातले थोडे लोणी खाल्ले, मग दुसरे पारडे जड झाले म्हणून त्यातले खाल्ले, आणि अखेर दोन्ही पारडी रिकामी झाली. उरलेला शेवटचा घास त्याने आपली मजुरी म्हणून तोंडात टाकला. गोष्टीचे तात्पर्य सांगताना आपण मांजरांच्या भांडखोरपणाला दोष देतो आणि माकडाच्या लबाडीला हसतो. परंतु एक प्रश्न ही गोष्ट विचारीत नाही, आणि वय वाढल्यावर तो मनात आल्यावाचून राहत नाही. लोण्याची वाटणी तर व्हायलाच हवी होती. मांजरांचा एकमेकींवर विश्वास नव्हता. मग तराजू कोणी धरावयाचा, आणि जो धरील त्याने फुकट का धरावा?

हा प्रश्न केवळ बालवाङ्मयातला नाही. ज्याचे दिवाळे निघाले आहे त्याच्या मालमत्तेची वाटणी कशी करावी, ती करणाऱ्या विश्वस्ताला काय द्यावे, आणि त्या विश्वस्ताने नेमलेल्या वकिलाची फी कोणी सोसावी, या वादाला सुमारे पावणेपाचशे वर्षांचा इतिहास आहे. तो इंग्लंडमध्ये सुरू झाला, कंपनी सरकारच्या मागोमाग मुंबईस आला, अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेला, आणि तेथे अगदी अलीकडे, २०१४ व २०१५ या लागोपाठच्या वर्षांत, सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. प्रस्तुत लेखात त्याचा धावता आढावा घेण्याचा विचार आहे. विषय वकिली असला तरी विश्वस्तांच्या हाती असलेल्या कोणत्याही संस्थेच्या सभासदांना तो परका वाटू नये.

वादाचे मूळ

प्रथम मूळ रचना ध्यानात घेऊ. एखाद्या व्यापाऱ्याचे देणे त्याच्या ऐपतीबाहेर गेले की धनकोंची धावपळ सुरू होते. जो आधी पोहोचेल तो दुकानातला माल उचलतो, आणि जो सज्जनपणे थांबतो त्याच्या हाती काही लागत नाही. ही लूट थांबावी म्हणून कायदा सांगतो की सर्व मालमत्ता एका त्रयस्थाच्या ताब्यात द्यावी. त्याने ती विकावी, लपविलेली असल्यास शोधून काढावी, खोटे दावे हाणून पाडावेत, आणि जे उरेल ते प्रत्येकाच्या येण्याच्या प्रमाणात वाटावे. या त्रयस्थाला कोठे असायनी, कोठे रिसीव्हर, तर कोठे ट्रस्टी म्हणतात. आपण त्याला विश्वस्त म्हणू.

लपविलेली मालमत्ता विनवण्यांनी बाहेर येत नाही. त्यासाठी दावे लावावे लागतात आणि दाव्यांना वकील लागतो. ही फी विश्वस्ताने पदरची द्यावी म्हटले तर कोणी विश्वस्त होणार नाही. धनकोंनी वर्गणी काढून द्यावी म्हटले तर, ज्यांचे आधीच बुडाले आहे ते आणखी बुडविण्यास तयार होत नाहीत. ऋणकोकडे तर काही उरलेलेच नसते. म्हणून जवळजवळ सर्वच देशांच्या कायद्यांनी एक तोडगा स्वीकारला : हा खर्च त्या मालमत्तेतूनच, आणि सामान्य धनकोंना पै मिळण्यापूर्वी, द्यावा.

तोडगा तर्कशुद्ध आहे, पण वादाचे बीजही त्यातच आहे. समजा, मालमत्ता एक लाख रुपयांची आहे आणि देणे चार लाखांचे आहे. खर्च नसता तर रुपयामागे चार आणे मिळाले असते. विश्वस्त आणि वकील यांचे मिळून साठ हजार झाले, तर उरतात चाळीस हजार, म्हणजे रुपयामागे दीड आण्याहून थोडे अधिक. धनको म्हणतो, "माझ्यासाठी काम केले म्हणता, मग माझ्या पदरात काय पडले?" वकील म्हणतो, "मी नसतो तर हे लाख रुपयेही तुम्हांला दिसले नसते." दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. ज्यात दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे असते, ते वाद सहसा मिटत नाहीत.

विलायतेतील चार प्रयोग

इंग्लंडमध्ये दिवाळखोरीचा पहिला कायदा १५४२ साली, आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत झाला. १५७१ साली एलिझाबेथ राणीच्या काळी कमिशनर नेमण्याची पद्धत रूढ झाली. लॉर्ड चॅन्सेलरने नेमलेले हे कमिशनर दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेऊन धनकोंमध्ये वाटीत. त्यांना मेहनताना बैठकीमागे मिळे, आणि बैठकीमागे मेहनताना म्हटले की बैठका वाढणे ओघानेच आले. त्या बैठकांत काय चाले याची कल्पना १७३२ च्या कायद्यातील एका कलमावरून येते. कमिशनरांच्या खाण्यापिण्याचा खर्च दिवाळखोराच्या इस्टेटीवर टाकू नये, अशी स्पष्ट मनाई त्यात केलेली आहे. पार्लमेंट सहसा काल्पनिक गोष्टींना मनाई करीत नाही. लोणी खाणाऱ्या माकडाची गोष्ट येथे कायद्याच्या भाषेत नोंदली गेली आहे, असेच म्हणावे लागेल.

पुढे १८३१ साली लॉर्ड ब्रूम यांच्या पुढाकाराने स्वतंत्र दिवाळखोरी न्यायालय स्थापन झाले आणि 'ऑफिशियल असायनी' हे पद निर्माण करण्यात आले. व्यापारी, दलाल किंवा हिशेबनीस यांच्यातून निवडलेले, तीसपेक्षा अधिक नाहीत, असे हे अधिकारी होते. मालमत्ता कोणाही खाजगी माणसाच्या हाती न राहता न्यायालयाच्या माणसाच्या हाती राहावी, हा त्यामागील हेतू होता. पण या व्यवस्थेचाही खर्च वाढला, आणि सरकारी माणूस आमच्या पैशांवर पोसला जातो अशी व्यापाऱ्यांची ओरड सुरू झाली.

त्या ओरडीतून १८६९ चा कायदा आला. त्याचे तत्त्व ऐकायला अत्यंत न्याय्य वाटते : पैसा धनकोंचा आहे, तेव्हा विश्वस्तही धनकोंनीच निवडावा आणि त्याच्यावर देखरेखही त्यांच्याच समितीने ठेवावी. ऑफिशियल असायनी रद्द झाले. प्रत्यक्षात काय घडले? ज्याचे वीस-पंचवीस पौंड अडकले आहेत असा किराणा व्यापारी आपले दुकान बंद ठेवून सभेला कशाला जाईल? तो घरी राहिला आणि त्याने आपले मुखत्यारपत्र कोणाला तरी देऊन टाकले. ही मुखत्यारपत्रे गोळा करणारा एक वर्गच निर्माण झाला. सॉलिसिटर मते गोळा करून एखाद्या हिशेबनीसाला विश्वस्त करी आणि तो विश्वस्त त्याच सॉलिसिटरला वकीलपत्र देई. बिल करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, पण दोघांचे हितसंबंध एकच. तक्रार करणार कोण? समितीतले धनको सभेला येत नव्हते, आणि न आलेल्यांचे मत मुखत्याराच्याच खिशात होते.

या अव्यवस्थेला आळा घालणारा चौथा प्रयोग १८८३ साली झाला. त्याचे प्रवर्तक जोसेफ चेंबरलेन हे त्या वेळी व्यापारमंडळाचे, म्हणजे बोर्ड ऑफ ट्रेडचे, अध्यक्ष होते. (पुढे बोअर युद्धाच्या काळात वसाहतमंत्री म्हणून गाजले ते हेच.) त्यांनी धनकोंचा निवडीचा अधिकार काढून घेतला नाही, त्याच्या जोडीला एक त्रयस्थ डोळा उभा केला. प्रत्येक दिवाळखोरीत आरंभी सरकारी 'ऑफिशियल रिसीव्हर' मालमत्तेचा ताबा घेईल आणि दिवाळखोराच्या वर्तनाची चौकशी करील. नंतर धनकोंनी विश्वस्त निवडला तरी त्याने जमा पैसा स्वतःच्या पेढीत न ठेवता बँक ऑफ इंग्लंडमधील ठरावीक खात्यात भरला पाहिजे, आणि त्याचे हिशेब बोर्ड ऑफ ट्रेड तपासील. सॉलिसिटरचे बिल न्यायालयाच्या अधिकाऱ्याने कलमवार तपासल्याशिवाय चुकते होणार नाही. ज्या इस्टेटी तीनशे पौंडांच्या आतल्या, त्यांत बहुधा ऑफिशियल रिसीव्हरच विश्वस्त राहील, म्हणजे लहान लोणी तराजूतच संपणार नाही.

या चार प्रयोगांकडे एकत्र पाहिले तर एक गोष्ट नजरेत भरते. पहिल्या तिन्हींनी एकच प्रश्न विचारला : तराजू कोणाच्या हाती द्यावा? कमिशनरच्या, सरकारी असायनीच्या, की खुद्द मांजरांच्या? चौथ्याने प्रश्न बदलला : तराजू कोणाच्याही हाती असो, वजन पाहणारा दुसरा कोण आहे?

मुंबई इलाख्यात

मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तीन शहरांसाठी नादार ऋणकोंचा कायदा पार्लमेंटने १८२८ साली केला आणि १८४८ साली त्याची सुधारित आवृत्ती काढली. इंग्लंडात १८६९ साली रद्द झालेले 'ऑफिशियल असायनी' हे नाव मुंबईच्या व्यवहारात मात्र टिकून राहिले. १९०९ च्या इलाखा शहरांच्या नादारी कायद्यातही तेच पद आहे. मुफसलासाठी आधी १९०७ चा आणि मग १९२० चा प्रांतिक नादारी कायदा झाला. आपला बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईकडे असल्याने येथील जिल्हा न्यायालयात नादारीचे अर्ज याच कायद्याखाली चालत, आणि 'रिसीव्हर' हा शब्द बाजारपेठेतल्या निरक्षर माणसालाही ठाऊक होता.

१९२० च्या या कायद्यात आपल्या विषयाची तीन कलमे आहेत. रिसीव्हरचा मेहनताना न्यायालय ठरवील, असे छप्पन्नावे कलम म्हणते. एकोणसाठाव्या कलमाप्रमाणे रिसीव्हरला दावा लावावयाचा किंवा वकील नेमावयाचा असेल तर न्यायालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. आणि एकसष्टाव्या कलमाप्रमाणे वाटप करताना व्यवस्थेच्या खर्चापुरती रक्कम राखून ठेवून मगच देणी भागवावयाची असतात. यातील 'आधी परवानगी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. काम उरकल्यावर बिल तपासणे आणि कामाला हात घालण्यापूर्वी "याचा खर्च किती, आणि त्यातून येणार किती?" असे विचारणे, यांत महदंतर आहे. या भेदाकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

याच इलाख्यात एक वेगळाच प्रयोगही झाला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली, आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड लागले. त्यानंतर चौकशी होऊन १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता, आणि त्यात शेतकऱ्याच्या नादारीचे स्वतंत्र प्रकरण होते. तडजोड करविणारे पंच आणि गावमुन्सफ यांच्यापुढे, तसेच लहान रकमेच्या दाव्यांत, वकिलांनी उभे राहू नये असे या कायद्याने ठरविले. फीचा वाद मिटविण्याचा हा सर्वांत सरळ उपाय : फी घेणाराच नको.

पण वकील गेला म्हणून वकिलाचे काम गेले नाही. खतातला आकडा खरा की फुगविलेला हे पाहण्यासाठी व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचे कर्तव्य याच कायद्याने न्यायाधीशावर टाकले होते. म्हणजे उलटतपासणीचे ओझे वकिलाच्या खांद्यावरून न्यायाधीशाच्या खांद्यावर गेले आणि त्याचा खर्च सरकारी तिजोरीवर पडला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. रानड्यांसारख्याचा वेळ शेतकऱ्याला फुकट मिळाला हे खरे. तथापि मजुरी नाहीशी झाली नाही, ती देणारा बदलला, हेही तितकेच खरे.

अमेरिकेचा लंबक

अमेरिकेत हा प्रश्न लंबकासारखा या टोकाकडून त्या टोकाकडे फिरला. तेथे १८०० आणि १८४१ साली केलेले कायदे अल्पायुषी ठरले : पहिला १८०३ मध्ये रद्द झाला, तर दुसरा १८४३ मध्ये. यादवी युद्धानंतर १८६७ साली तिसरा कायदा झाला, आणि तोही १८७८ साली रद्द करावा लागला. त्याविरुद्धच्या तक्रारींत तीन प्रमुख होत्या : दिरंगाई, अधिकाऱ्यांची आणि वकिलांची फी, व धनकोंच्या हाती येणारा नगण्य हिस्सा.

हा अनुभव ताजा असल्यामुळे १८९८ च्या कायद्याखाली न्यायालयांनी काटकसरीचे तत्त्व कडकपणे पाळले. दिवाळखोराच्या इस्टेटीचे काम म्हणजे एक प्रकारे सार्वजनिक सेवा, तेव्हा तेथे वकिलाने बाजारभावाची अपेक्षा धरू नये, अशी दृष्टी होती. या दृष्टीने इस्टेटी वाचल्या, पण जाणते वकील या क्षेत्राकडे फिरकेनासे होतील अशी भीती पुढे व्यक्त होऊ लागली. लपविलेला पैसा शोधण्यासाठी ऋणको चांगला वकील देणार आणि विश्वस्ताच्या वाट्याला मिळेल तो येणार, असा विषम सामना त्यातून उभा राहतो. म्हणून १९७८ च्या नव्या संहितेत काटकसरीचे तत्त्व सोडून देण्यात आले. इतर कामांत तशाच मेहनतीला जे मिळते तेच येथेही मिळावे, असे ठरले. त्याच वेळी चेंबरलेनच्या धर्तीचा त्रयस्थ डोळाही निर्माण झाला. 'युनायटेड स्टेट्स ट्रस्टी' नावाचे न्यायखात्यातील हे कार्यालय प्रथम काही भागांत प्रयोगादाखल होते, आणि १९८६ पासून ते बहुतेक देशभर झाले. विश्वस्तांवर देखरेख ठेवणे आणि फीच्या अर्जांवर आक्षेप घेणे ही त्याची कामे होत.

खुद्द विश्वस्ताच्या मेहनतान्याला कायद्याने कमाल मर्यादा घातली. १९९४ पासूनचे प्रमाण असे आहे : वाटलेल्या पहिल्या पाच हजार डॉलर्सवर शेकडा पंचवीस, त्यापुढे पन्नास हजारांपर्यंत शेकडा दहा, दहा लाखांपर्यंत शेकडा पाच, आणि त्यावर शेकडा तीन. वकिलाच्या फीला मात्र अशी पायरी नाही. ती 'वाजवी' असावी एवढेच बंधन आहे. 'वाजवी' हा शब्द जेथे येतो तेथे तंटा ठरलेलाच असतो.

पंचाहत्तर हजारांचे घर आणि पाच लाखांची फी

आता ज्या खटल्याने हा सारा प्रश्न उघडा पाडला त्याकडे वळू. 'लॉ विरुद्ध सीगल' या नावाने तो अमेरिकेच्या कायदेवृत्तांत नोंदलेला आहे.

२००४ साली कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळ राहणाऱ्या एका गृहस्थाने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याची नाव घेण्याजोगी मालमत्ता एकच होती : राहते घर. त्याची किंमत त्याने ३,६३,३४८ डॉलर्स सांगितली. घरावर दोन बोजे दाखविले होते, एक बँकेचा सुमारे १,४७,००० डॉलर्सचा आणि दुसरा एका खाजगी गहाणदाराचा सुमारे १,५७,००० डॉलर्सचा. शिवाय ऋणको रस्त्यावर येऊ नये म्हणून राहत्या घरातील ७५,००० डॉलर्सपर्यंतचा हक्क कायद्याने त्याच्यासाठी राखून ठेवला होता. आकड्यांची बेरीज केली तर ती घराच्या किमतीच्या पुढे जाते. म्हणजे इतर धनकोंना देण्यासाठी काहीच उरत नव्हते. कागद असेच सांगत होते.

विश्वस्ताला दुसऱ्या बोजाचा संशय आला आणि काही महिन्यांतच त्याने दावा लावला. गहाणखतावर ज्या बाईचे नाव होते त्या नावाची एक बाई कॅलिफोर्नियातच सापडली. ती ऋणकोच्या पूर्वीच्या ओळखीची होती. तिने सांगितले, "मी याला कधी कर्ज दिलेच नाही," आणि घरावरचा आपला हक्क नाही असे लिहूनही दिले. प्रकरण येथे संपावयास हवे होते. पण त्याच नावाची दुसरी बाई उभी राहिली. ती चीनमध्ये राहते, तिला इंग्रजी येत नाही आणि खरी गहाणदार तीच आहे, असे सांगण्यात आले. इंग्रजी न येणाऱ्या या बाईच्या नावाने पुढील पाच वर्षे अमेरिकन न्यायालयांत अर्जांमागून अर्ज आणि अपिलांमागून अपिले दाखल होत राहिली. प्रत्येकाला उत्तर देणे विश्वस्ताच्या वकिलांना भाग होते.

२००९ साली दिवाळखोरी न्यायालयाने निर्णय दिला. त्या गहाणखताच्या बदल्यात त्या नावाच्या कोणाही व्यक्तीने कर्ज दिलेलेच नव्हते. सारे कर्जच बनावट होते आणि चीनच्या बाईच्या नावाने आलेल्या कागदांपैकी काही किंवा सर्व खुद्द ऋणकोनेच लिहून, सह्या करून दाखल केले असावेत, हेच अधिक संभवनीय ठरले. खोटेपणा उघडकीस आला, परंतु तोपर्यंत विश्वस्ताच्या वकिलांची फी पाच लाख डॉलर्सच्या पुढे गेली होती.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून हिशेब करावा. घराच्या सांगितलेल्या किमतीतून बँकेचा खरा बोजा आणि ऋणकोचा राखीव हक्क वजा केला, तर धनकोंसाठी उरतात सुमारे १,४१,००० डॉलर्स. ते मिळविण्यासाठी खर्च झाले पाच लाखांहून अधिक. निव्वळ व्यापारी नजरेने पाहिले तर हा दावा वेडेपणाचा होता. पण दुसरी बाजूही आहे. खर्च फार होतो म्हणून विश्वस्ताने दुसऱ्या वर्षी माघार घेतली असती, तर खोट्याचा विजय झाला असता, आणि पुढच्या प्रत्येक लबाड ऋणकोला धडा मिळाला असता की प्रतिपक्षाला परवडणार नाही इतका वेळ खोटे ताणीत राहावे. विश्वस्ताने हे ओळखून लढा दिला की वकील मंडळी गुंतत गेली म्हणून तो लांबला, हे बाहेरच्याने सांगणे कठीण आहे. अनेकदा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असतात.

आता फी द्यावयाची कोठून? न्यायालयाला एक गोष्ट न्याय्य वाटली : ज्याच्या लबाडीमुळे हा खर्च झाला, त्याच्यासाठी राखून ठेवलेले ७५,००० डॉलर्स फीकडे वळवावेत. वरच्या दोन पायऱ्यांनी हा हुकूम उचलून धरला. सामान्य माणसाच्या न्यायबुद्धीलाही तो पटतो. मात्र ४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द केला. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी निकालपत्र लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : राखीव हक्काची मालमत्ता व्यवस्थेच्या खर्चाला जबाबदार नाही, असे संहितेत स्पष्ट लिहिले आहे. कोणत्या कारणासाठी हक्क नाकारता येतो, तेही कायद्यात लिहिले आहे. न्यायाधीशाला कितीही संताप आला तरी लिहिलेल्या कायद्याविरुद्ध जाण्याचा अधिकार त्याला नाही. लबाडीसाठी इतर शिक्षा आहेत : कर्जमुक्ती नाकारता येते, दंड करता येतो, फौजदारी खटलाही भरता येतो. या निकालामुळे विश्वस्तावर मोठा बोजा पडतो हे न्यायालयाने मोकळेपणाने मान्य केले. पण तो तोल साधण्याचे काम कायदेमंडळाचे, असे सांगून विषय संपविला.

निकाल कठोर वाटला तरी त्यामागील तत्त्व उथळ नाही. आज लबाडाच्या डोक्यावरचे छप्पर फीसाठी काढून घेता आले, तर उद्या प्रामाणिक पण गोंधळलेल्या ऋणकोचेही छप्पर "याच्यामुळे आमचा खर्च वाढला" असे म्हणून मागितले जाईल. शिवाय ते ७५,००० मिळाले असते तरी फीचा सहावा हिस्सादेखील भागला नसता.

फी मिळविण्यासाठीची फी

पुढच्याच वर्षी हा वाद आणखी एक पायरी वर गेला. असार्को ही तांब्याच्या धंद्यातील मोठी कंपनी २००५ साली दिवाळखोरीत गेली होती. अशा मोठ्या प्रकरणात कंपनी स्वतःच विश्वस्ताचे अधिकार वापरते आणि न्यायालयाच्या संमतीने वकील नेमते. त्या वकिलांनी असामान्य कामगिरी केली. कंपनीच्या मालक-कंपनीविरुद्धच त्यांनी सात ते दहा अब्ज डॉलर्स किमतीचा हुकूमनामा मिळविला आणि सर्व धनकोंचे पूर्ण देणे फिटले. परंतु शेवटी असार्को पुन्हा त्याच मालक-कंपनीच्या ताब्यात गेली, आणि ज्यांनी तिच्याविरुद्ध दावा जिंकला त्यांच्याच फीला तिने कसून हरकत घेतली. सुमारे बारा कोटी डॉलर्सची मूळ फी आणि वर एक्केचाळीस लाखांचे बक्षीस मंजूर झाले. पण ती फी राखण्यासाठी जो लढा द्यावा लागला, त्याचेच सुमारे पन्नास लाख डॉलर्स झाले. हे पन्नास लाख कोणी द्यावे?

१५ जून २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला : हे वकिलांचे स्वतःचे काम आहे, इस्टेटीची सेवा नव्हे, म्हणून खर्च त्यांनीच सोसावा. न्यायमूर्ती टॉमस यांनी अमेरिकेच्या जुन्या रिवाजावर बोट ठेवले : कायद्यात स्पष्ट अपवाद नसेल तर ज्याने त्याने आपल्या वकिलाचे पैसे द्यावेत. न्यायमूर्ती ब्रायर यांच्यासह तिघांना हे पटले नाही. एका हाताने वाजवी फी द्यावयाची आणि ती राखण्याच्या खर्चातून दुसऱ्या हाताने काढून घ्यावयाची, तर ती वाजवी राहिली कोठे, असा त्यांच्या भिन्नमताचा रोख होता. दोन्ही मतांत तथ्य आहे हे वाचकांच्या लक्षात येईलच. बहुमताने तराजू धरणाऱ्याला सांगितले की तुझ्या मजुरीचे भांडण लोण्यातून भागविता येणार नाही; अल्पमताने विचारले की मजुरीसाठी असे झगडावे लागले तर उद्या तराजू धरील कोण?

आपल्यासाठी

भारतात २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने कंपन्यांच्या बाबतीत तोच जुना क्रम कायम ठेवला आहे. त्रेपन्नाव्या कलमाप्रमाणे प्रक्रियेचा खर्च सर्वांच्या आधी आणि पूर्ण द्यावयाचा असतो. धनकोंच्या समितीला खर्चाबाबत अधिकार दिले आहेत. १८६९ च्या विलायती अनुभवावरून समितीच्या सभासदांनी एवढे जरी लक्षात ठेवले की जो सभेला जात नाही त्याचे लोणी दुसरा कोणी तरी वाटतो, तरी पुष्कळ झाले.

या दीर्घ इतिहासातून मला एकच निष्कर्ष काढावासा वाटतो. फी अधिक की कमी हा मूळ प्रश्न नव्हे. ज्या कायद्यांनी रागाच्या भरात फी तोडली, त्यांनी राखणदारच दूर केला. ज्यांनी ती मोकळी सोडली, त्यांनी राखण्याजोगे काही ठेवले नाही. जे थोडेफार टिकले ते चेंबरलेनचे सूत्र आणि आपल्या १९२० च्या कायद्यातील 'आधी परवानगी' : पैसा उघड्या खात्यात असावा, खर्च करण्यापूर्वी विचारणा व्हावी, आणि बिल तपासणाऱ्याचा त्या बिलात हितसंबंध नसावा. तरीही लॉस एंजेलिसजवळच्या त्या घरासारखे एखादे प्रकरण उरतेच, जेथे नियम सर्व पाळूनही खोट्याचे मोल खरे शोधणाऱ्यालाच चुकवावे लागते. कायदा सर्व दुःखे वाटून देऊ शकत नाही.

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या अंकात हा विषय का, असे कोणी विचारील. ग्रंथालय हीदेखील एक इस्टेटच आहे. ती शंभर वर्षांपूर्वीच्या देणगीदारांची आहे आणि अजून न जन्मलेल्या वाचकांची आहे. आज आहेत ते केवळ विश्वस्त. तिच्या जागेवर कोणी खोटा हक्क सांगितला तर विश्वस्तांना वकील करावाच लागेल आणि त्याची फी पुस्तकांच्याच पैशांतून जाईल. त्या वेळी लढावे की सोडावे, हे ठरविताना शेवटचा आधार कायद्याच्या कलमांचा नसतो. तो असतो वार्षिक सभेला येऊन जमाखर्चाचा कागद हाती घेणाऱ्या आणि "हा आकडा कशाचा?" असे निःसंकोचपणे विचारणाऱ्या सभासदाचा. असे सभासद आपल्या ग्रंथालयाला पुढील शंभर वर्षेही लाभोत, आणि विचारल्यावर वही उघडून दाखविणारे विश्वस्तही.